गावाला जाणारी चाळणी

घरातली कोणतीही वस्तू ज्या कामासाठी घडवलेली असते, ते सोडून बाकीच्या सगळ्या कामांना जास्त उपयोगी पडते, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो माझ्या आत्याचा नवरा होता. आमच्या खानदेशात आत्याला फुई म्हणतात आणि तिच्या यजमानांना फुवा. हे फुवा तापीपलीकडे, शहाद्याच्या वाटेवरच्या एका लहानशा गावात राहत. थोडी कपाशी, थोडी केळी, एक म्हैस आणि पदरी मूल नाही, एवढा त्यांचा संसार. शेत बटाईने दिलेलं असल्यामुळे फुवांना वेळच वेळ होता आणि तो सगळा ते प्रवासात घालवत. कुणाचं लग्न, कुणाचं तेरावं, धानोऱ्याला कुणाची बैलजोडी बघायची, विसरवाडीकडे कुणाची सोयरीक जुळवायची, असं काहीही त्यांना पुरे. काहीच नसेल तर ते उगाच जाऊन येत. माझं सासर नंदुरबारला, स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर. माझे यजमान तिथल्या एका कापसाच्या जिनात कारकून होते. त्यामुळे गाडीने कुठेही जायचं झालं की फुवा आधी आमच्या ओसरीवर उतरत, आणि त्यांच्या गाठोड्यातून फुईचं अर्धं स्वयंपाकघर बाहेर निघे.

प्रवासासाठी बाजारातून एक वस्तूही विकत घ्यायची नाही, हा त्यांचा नेम होता. तिकीट मात्र ते न चुकता काढत. फुकट बसणं ही चोरी, युक्ती नव्हे, असं ते मोठ्या गंभीरपणे सांगत. पण त्या काळी लोक हौसेने वळकटीचे पट्टे, पत्र्याच्या ट्रंका, फिरकीच्या झाकणाच्या पाण्याच्या बाटल्या घेऊ लागले होते, त्या सगळ्यांची त्यांना कीव येई. ते म्हणत, "पैसा टाकीसन कोनीबी प्रवास करी. डोकं टाकीसन करा तं खरं." त्यांची उशी म्हणजे नुसती खोळ. जाताना तीत धुतलेले कपडे भरलेले असत आणि येताना मळलेले. त्यामुळे परतीच्या वाटेवर त्यांच्या शेजारी बसणारा माणूस हळूहळू लांब सरकत जाई आणि फुवांना पाय पसरायला ऐसपैस जागा मिळे. हाही त्या उशीचाच एक गुण म्हणून ते मोजत. पाण्याच्या तांब्याला ओलं फडकं गुंडाळून ते गाडीच्या खिडकीला टांगत आणि वैशाखातसुद्धा डब्यातल्या सगळ्यांना गार पाणी पाजत. पाणी गढूळ असलं तर कनवटीला तुरटीचा खडा असेच. धोतराचं ते काय करत नसत, हे सांगणं सोपं. पडदा, दोर, झोळी, पंचा, पावसात डोक्यावर घ्यायचं छत, आणि यांतून सवड मिळाली तर नेसायचं वस्त्र.

तांब्यात निखारे घालून कपड्यांना इस्तरी करायची कला त्यांनी कुठून उचलली होती कोण जाणे, पण तिच्यापायी धानोऱ्याच्या एका लग्नात फार मोठा घोटाळा झाला. वऱ्हाड बैलगाड्यांतून हिंदकळत पोचलं होतं, सगळ्यांच्या कपड्यांच्या पार चुरगळ्या झाल्या होत्या. फुवांनी मुलीकडच्यांच्या चुलीतून निखारे मागून घेतले आणि जानवशाच्या ओट्यावर बसून एकेकाचं उपरणं, एकेकाची बंडी कडक करून द्यायला सुरुवात केली. लोक वाहवा करू लागले तसे निखारे वाढत गेले. शेवटी नवरदेवाचा नवा कोट हाती आला, आणि कोणीतरी खुशाली विचारली म्हणून फुवा दोन शब्द बोलायला थांबले. कोटाच्या पाठीवर तांब्याच्या बुडाएवढा, पौर्णिमेच्या चंद्रासारखा गोल तपकिरी डाग उमटला. नवरदेवाचा बाप रडकुंडीला आला, पण फुवा शांत होते. ते म्हणाले, "नवरदेवनी पाठ कोन देखस? समदा तोंडच देखतस." सबंध लग्नभर तो बिचारा मुलगा भिंतीला नाहीतर खांबाला टेकून उभा होता, आणि मुलीकडच्या बायका जावई फारच अशक्त दिसतो म्हणून आपसात कुजबुजत होत्या.

पण त्यांचा सगळ्यात लाडका शोध म्हणजे चाळणी. गाडीच्या इंजिनातून कोळशाची कणी उडते आणि खिडकीत बसणाऱ्याच्या डोळ्यात जाते, त्यावर फुवांनी पिठाची चाळणी काढली होती. गाडी सुटली की ते ती तोंडासमोर धरून बसत. वारा येई, डोंगर दिसे, कणी येत नसे. पाहणाऱ्याला मात्र खिडकीत माणसाच्या मुंडक्याऐवजी चाळणी दिसे. एकदा चिंचपाड्याच्या आसपास एक तिकीट तपासनीस त्यांना वेडा समजून खाली उतरवायला निघाला होता. वाद घालता घालता त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि त्याच्याच डोळ्यात कणी गेली. फुवांनी धोतराच्या टोकाने ती अलगद काढून दिली, डोळ्यावर गार पाण्याची पट्टी ठेवली, आणि पुढच्या स्टेशनापर्यंत तो माणूस त्यांच्याशेजारी बसून निमूटपणे चाळणीतून बाहेर बघत होता.

या सगळ्या गमतीची दुसरी बाजू आम्हाला उशिरा दिसली. फुवा निघाले की घरातून चाळणी जाई, तांब्या जाई, तवा झाकायचं ताट जाई, दोरी जाई, बाजेवरची गोधडी जाई. फुई न चाळलेल्या पिठाच्या भाकरी करून एकटी खाई आणि म्हशीशी बोले. मी माहेरपणाला म्हणून तिच्याकडे गेले, की दुपारभर ओट्यावर बसून ती रस्त्याकडे बघत असलेली दिसे. घर मोठं नव्हतं, पण माणसांशिवाय ते फार रिकामं वाटे. संध्याकाळी दिवा लावतानाही ती कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने वावरे. तिची तक्रार मी कधी ऐकली नाही. एकदाच भांडी घासताना ती सहज म्हणाली होती, "मन्हा घरना भांडा मन्हापेक्षा जास्त गावं देखी वनात." मी हसले, तीही हसली, आणि राखेने तांब्या घासत राहिली. भांडी इतकी गावं बघून आली होती, ती मात्र तापीकाठच्या प्रकाशा गावच्या यात्रेपलीकडे कुठे गेली नव्हती. आगगाडीत तर ती कधी बसलीच नव्हती.

मग एका वर्षी दिवाळीनंतर तिच्या पोटात दुखायला लागलं. आधी वैद्याची चूर्णं झाली, मग कुणाचा काढा, मग कुणाचा अंगारा. ती वाळत चालली आणि पोटात मात्र गाठ हाताला लागू लागली. नंदुरबारच्या डॉक्टरांकडे फुवा एकटेच येऊन सगळं सांगून गेले. डॉक्टरांनी तिला सुरतेच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं, आणि उशीर करू नका म्हणाले. फुवा त्या दिवशी आमच्या ओसरीवर बसले ते गाठोडं न सोडताच. मी चहा पुढे केला तर तो निवून जाईपर्यंत त्यांनी कपाला हात लावला नाही. शेवटी त्यांनी मला एवढंच विचारलं की बाईमाणूस सोबत लागेल, तू येशील का. मी यजमानांना विचारून त्यांच्याबरोबर फुईला आणायला गेले.

गावातून निघायच्या सकाळी फुवांनी बैलगाडी अशी सजवली होती की मला क्षणभर काही कळेना. गाडीवरच्या बांबूच्या कमानीला त्यांनी फुईच्याच दोन जुन्या लुगड्यांची झोळी टांगली होती, म्हणजे चाक खड्ड्यात गेलं तरी हिसका तिच्या पोटापर्यंत पोचू नये. झोळीत शेवरीच्या कापसाची गादी, उशाला खोळ, आणि यावेळी खोळीत कपडे नव्हते, चाळून घेतलेला मऊ कोंडा होता. शेकण्यासाठी मीठ भाजून त्याची पुरचुंडी तव्याच्या झाकणाखाली ऊनऊनीत ठेवली होती. तांब्या होता, तुरटी होती, चाळणी होती. घरातली भांडी आणि त्यांची मालकीण त्या दिवशी पहिल्यांदाच एकत्र गावाला निघाली. फुवांनी तिला उचलून झोळीत ठेवलं. गाडी चालू लागली, झोळी हलू लागली, आणि फुई आतून म्हणाली, "तुम्ही तं माले पाळनामा टाकी दिन्हं." गाडीवान हसला. फुवा मात्र बैलांच्या शेपट्यांकडे बघत राहिले. त्या घरात कधी पाळणा बांधायची वेळ आली नव्हती.

तापीला पाणी कमी होतं, उताराने गाडी पलीकडे निघाली. नदीत शिरताना फुवा खाली उतरले आणि गुडघाभर पाण्यातून झोळीला हात देत चालत गेले. फुफाटा उडाला की ते फुईच्या तोंडावर चाळणी धरत. दुखणं वाढलं की मिठाची पुरचुंडी देत.  नंदुरबारला पोचेपर्यंत सगळं बोलणं हातांनीच चाललं होतं.

आगगाडीत फुईला आम्ही खिडकीशी बसवलं, तशी ती बदलूनच गेली. खांडबारा गेलं, चिंचपाडा गेलं, सागाचं रान सुरू झालं, आणि तिने दुखण्याचं नाव काढलं नाही. झाडं मागे पळतात हे तिने ऐकलं होतं, पण जवळची पळतात आणि लांबचा डोंगर आपल्याबरोबर येतो हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ते तिने स्वतः शोधून काढलं आणि मला दोनदोनदा दाखवलं. स्टेशन आलं की ती उतरणाऱ्या प्रत्येकाकडे निरखून बघे आणि हा कुणाच्या घरी चालला असेल याचा अंदाज बांधे. फुवांनी चाळणी तिच्या हातात दिली. तिने ती डोळ्यांसमोर धरली, थोडा वेळ पाहिलं, आणि मांडीवर ठेवून दिली. तिला मधे काहीच नको होतं.

सुरतेचं मी फार सांगत नाही. मोठं आवार, फिनेलचा वास, लांबच लांब ओसरी आणि तिच्यात बसलेली आमच्यासारखीच माणसं. डॉक्टर भला होता. त्याने फुईला तपासलं, तिच्याशी गुजरातीत दोन गोड शब्द बोलला, आणि फुवांना बाहेर बोलावून घेतलं. फुवा परत आले तेव्हा त्यांचा चेहरा नेहमीसारखाच होता, पण टोपी हातात होती आणि ती डोक्यावर ठेवायची असते हे ते विसरले होते. शस्त्रक्रियेची वेळ निघून गेली आहे, घरी न्या, जे आवडेल ते खायला द्या, असं डॉक्टरांनी सांगितल्याचं त्यांनी मला वाटेत, टांग्यात पुढच्या बाजूला बसून, मागे ऐकू जाणार नाही अशा आवाजात सांगितलं. फुईने काही विचारलं नाही. तिला समजलं असावं. टांग्यातून ती दुकानांवरच्या पाट्यांचे रंग बघत होती.

परतीच्या गाडीत ती थकून झोपली होती. नंदुरबार जवळ आलं तसं मी गाठोडी आवरली. माझे यजमान जिनातली चार माणसं आणि एक बाज घेऊन फलाटावर उभे होते. फुवांनी फुईला उठवलं. तिने डोळे उघडले, खिडकीतून स्टेशन ओळखलं, आणि खिडकीचा गज धरला.

"आठे नका उतरू," ती म्हणाली. "पुढे काय शे ते देखू."

फुवांनी माझ्याकडे पाहिलं. गाडी तिथे थोडाच वेळ थांबायची. यजमान खिडकीशी येऊन घाई करू लागले होते, बाज डब्याच्या दाराशी आणून ठेवली होती. फुवांनी आयुष्यभर प्रवासात एक दिडकी वाया जाऊ दिली नव्हती. ते उतरले, माणसांच्या गर्दीतून तिकिटाच्या खिडकीकडे जवळजवळ पळत गेले, आणि गाडी हलता हलता धापा टाकत डब्यात चढले. त्यांच्या मुठीत भुसावळची तिकिटं होती. भुसावळ म्हणजे त्या रुळाचं दुसरं टोक. फलाटावर माझे यजमान, चार माणसं आणि रिकामी बाज मागे मागे जात दिसेनाशी झाली, आणि बऱ्याच दिवसांनी फुई खळखळून हसली.

दोंडाईचा गेलं, अमळनेर गेलं. दोन्ही बाजूंना कपाशी फुटली होती. नंतर धरणगाव, जळगाव. फुई बघत होती आणि आम्ही तिच्याकडे बघत होतो. मधेच तिने मान न वळवता विचारलं, "आजलगून काबर नही लई गयात तुम्ही माले?"

आजवर आपल्याला का नेलं नाही, या प्रश्नात राग नव्हता. एखाद्या गावाचं नाव विचारावं तसं ते विचारलं होतं.  तांब्याचं फडकं फुवांनी सोडलं, पुन्हा भिजवलं, पुन्हा गुंडाळलं. मग म्हणाले, "माले वाटे, तुले घर गोड लागस."

"लागस ना," फुई म्हणाली. "पन खिडकी बी गोड लागस."

भुसावळला फलाटावर आम्ही गोधडी टाकून तिला निजवलं. तिथली इंजिनं आमच्याकडच्यांपेक्षा फार मोठी. तिला एकाला जवळून बघायचं होतं. फुवांनी एका पिकल्या मिशांच्या ड्रायव्हरला गाठून काय सांगितलं ठाऊक नाही, पण तो स्वतः खाली उतरला आणि वाट करून देत पुढे चालू लागला. फुवांनी फुईला दोन्ही हातांवर उचलून नेलं. तिने हात लांब करून इंजिनाच्या लोखंडाला लावला आणि पटकन मागे घेतला. "हिले बी ताप शे का?" तिने विचारलं. ड्रायव्हरला अहिराणी कळली की नाही कोण जाणे, पण त्याने टोपी काढून मान हलवली.

ती पौषात गेली. शेवटी तिला बोलवत नव्हतं, पण शुद्धीत होती. क्रियाकर्म आटोपून आम्ही परतलो, आणि त्यानंतर फुवा बराच काळ आमच्या ओसरीवर आले नाहीत. त्यांनी प्रवास सोडला, असं तिकडून येणारे लोक सांगत. लग्नाची आमंत्रणं येत, ते जात नसत. यजमान दोनदा जाऊन त्यांना आमच्याकडे चला म्हणून सांगून आले. मग एका सकाळी ते आपणहून आले. दाढी वाढलेली, हातात काहीच नाही. माझ्या चुलीशी येऊन बसले आणि भाकरी कशी करतात ते दाखव म्हणाले. मी पीठ मळायला घेतलं, तर त्यांनी मला थांबवलं. पीठ आधी चाळतात ते कशासाठी, कोंडा किती ठेवायचा, चाळणी एका हाताने हलवायची की दोन्ही हातांनी, असं सगळं त्यांनी मला खालमानेने विचारलं. त्यांची पहिली भाकरी जळाली, दुसरी फाटली. तिसरी बरी झाली. ती त्यांनी खाल्ली नाही. फडक्यात बांधून जवळ ठेवली.

जेवण झाल्यावर ते जरा घुटमळले. मग म्हणाले की नवापूरपर्यंत जाऊन यावं असं वाटतं, काम काही नाही, संध्याकाळच्या गाडीने परत येता येईल. "एकटाले गाडीमा बठवत नही, माय. तू येशी का?" घरी वाळवण घातलेलं होतं, जाऊबाईंना बरं नव्हतं. यजमान जिनात जायला निघाले होते. त्यांनी ऐकलं आणि जा म्हणाले. वाळवण शेजारच्या बाईंना सांगून ते निघून गेले. मी लुगडं बदललं आणि फुवांबरोबर निघाले. काम नसताना गाडीत बसायची माझ्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ.

 वाटेत कुणी तपकीर मागितली ती फुवांनी दिली, एका बाईचं पोर रडत होतं त्याला थोडा वेळ घेतलं. नवापूरला आम्ही उतरलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. स्टेशनाबाहेर जाण्यासारखं काही नव्हतं. फलाटावरच्या लिंबाखाली एक बाक होता, तिथे बसलो. पलीकडे रुळांवर सागाचे ओंडके रचून ठेवलेले होते आणि दोन मावची आदिवासी बाया डोक्यावर मोळ्या घेऊन रूळ ओलांडत होत्या. फुवा त्यांच्याकडे बघता बघता पेंगायला लागले. आधी हनुवटी छातीवर आली, मग डोकं हळूहळू कलत कलत माझ्या खांद्यावर टेकलं. एवढा मोठा माणूस, पण वजन काहीच लागलं नाही.

लांबवर सुरतेच्या बाजूला धूर दिसू लागला. हमालाने घंटा वाजवली, लोक उठून गाठोडी घेऊ लागले. गाडी पूर्ण आत येऊन थांबेपर्यंत मी त्यांना उठवलं नाही.